पाळी चुकली म्हणजे नुसतं टेन्शन नव्हे

सांगली, मिरज, तासगावकडच्या बचत गटांच्या व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतोय : ‘पाळी चुकली की समजायचं टेन्शन आहे, तपासायची गरज नाही.’ हे अर्धंच खरं आहे. सततच्या ताणाने मेंदूतल्या हायपोथॅलॅमसचे (पाळीची संप्रेरकं सुरू करणाऱ्या भागाचे) संकेत मंदावतात, बीज वेळेवर तयार होत नाही, पाळी लांबते. पण गरोदरपणात पाळी चुकतेच, आणि थायरॉइडच्या बिघाडात, पीसीओएसमध्येही (अंडाशयाच्या संप्रेरकांच्या बिघाडात) ती चुकू शकते. म्हणून आधी गरोदरपणाची चाचणी करा, आणि सलग ३ महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांना दाखवाच.

द्राक्षाच्या हंगामात दिवसभर बागेत, घरी आल्यावर पुन्हा स्वयंपाक, झोपेचे हाल. अशा बाईला ‘टेन्शन घेऊ नको’ एवढंच सांगणं मला पटत नाही. घरच्यांनी काम वाटून घ्यावं. मन फार खचलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मोफत, मराठीत बोलता येतं.