इशारा आला की इंजिन बंद?

विमानप्रवासाबद्दलचा एक मेसेज पुन्हा फिरतोय. त्याचं म्हणणं असं: इंजिनचा इशारा आला की पायलटने त्याच क्षणी इंजिन बंद करायला हवं, नाहीतर विमान कोसळतं, पण हे लोक पुस्तक उघडून वाचत बसतात आणि प्रवाशांना थांगपत्ता लागू देत नाहीत.

आधी ते ‘त्याच क्षणी’. ८ जानेवारी १९८९ ला ब्रिटिश मिडलँडचं बोइंग ७३७ लंडनहून बेलफास्टला निघालं होतं. डाव्या इंजिनातल्या पंख्याचं पातं तुटलं, विमान थरथरू लागलं, कॉकपिटमध्ये धुराचा वास आला. वैमानिकांनी घाईघाईत इंजिन बंद केलं, पण उजवं. धडधाकट होतं ते. त्याच सुमारास थरथरही कमी झाली, त्यामुळे चूक लक्षातच आली नाही. उतरताना डाव्याने दम तोडला आणि केगवर्थ गावाजवळ विमान आदळलं. १२६ पैकी ४७ जण गेले. २०१५ मध्ये तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआर विमानाचंही तेच झालं: एक इंजिन निकामी, बंद केलं दुसरं, ४३ मृत्यू.

म्हणून एक पायलट विमान सांभाळतो, दुसरा इशारा वाचतो. इंजिन बंद करण्याआधी ते कुठलं, हे दोघांनी मोठ्याने बोलून पक्कं करायचं. धावपट्टीवर ‘व्ही-वन’ वेग, म्हणजे ज्यानंतर उड्डाण सुरक्षितपणे थांबवता येत नाही तो वेग, ओलांडल्यावर तर आगीचा इशारा आला तरी विमान आधी वर न्यायचं. साधारण ४०० फूट उंची गाठेपर्यंत इंजिनाला हात लावायचा नाही. शिवाय प्रत्येक इशारा आगीचा नसतो. नुसत्या थरथरीवर बहुतेक वेळा शक्ती कमी करून भागतं.

आता पुस्तक, म्हणजे चेकलिस्ट. बऱ्याच विमानांत आगीच्या वेळच्या पहिल्या कृती पाठच असतात, वाचन त्यानंतरचं. ४ नोव्हेंबर २०१० ला क्वांटासच्या ए-३८० चं एक इंजिन सिंगापूरहून निघाल्यावर हवेतच फुटलं आणि पडद्यावर इशाऱ्यांची रांग लागली. वैमानिक जवळपास ५० मिनिटं एकेक इशारा तपासत राहिले, मग परत सिंगापूरलाच उतरले. ४६९ पैकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मेसेज लिहिणाऱ्याच्या हिशेबाने ही ५० मिनिटं वाया गेली!

‘कोसळतं’ याला फार उत्तर नको. दोन इंजिनांचं प्रवासी विमान एकावर उडू आणि उतरू शकेल असंच बनवतात. २००१ मध्ये एअर ट्रान्झॅटच्या ए-३३० ची इंधनगळतीमुळे दोन्ही इंजिनं बंद पडली, तेव्हा ते सुमारे १९ मिनिटं नुसतं तरंगत अझोर्स बेटांवर उतरलं. सगळे ३०६ जण वाचले.

राहिली लपवाछपवी. हातातलं काम उरकेपर्यंत घोषणा होत नाही, हे खरं. पण केगवर्थच्या विमानात कॅप्टनने घोषणा केली होती: उजव्या इंजिनात बिघाड आहे, ते बंद केलंय. मागे बसलेल्या अनेकांनी डाव्या इंजिनातून ज्वाळा निघताना पाहिल्या होत्या. कॉकपिटपर्यंत ते कुणीच पोहोचवलं नाही.