पैसे तुमचेच जाणार, मग प्रकाशकही तुम्हीच व्हा

पहिला कवितासंग्रह स्वखर्चाने काढायचा ठरलं की बहुतेक जण थेट 'पॅकेज'च्या दारात जाऊन उभे राहतात. इतके हजार भरा, इतक्या प्रती घ्या, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) आमचा, मुखपृष्ठ आमचं, समारंभाचा बॅनर फुकट. या व्यवहारात प्रकाशक म्हणवणारा माणूस प्रकाशनाचं एकही काम करत नाही. कविता निवडत नाही, प्रुफं वाचून घेत नाही, पुस्तक दुकानात ठेवत नाही. डीटीपीवाला (संगणकावर पानं जुळवणारा), छापखाना आणि बाइंडर यांच्यामध्ये तो उभा असतो आणि उभं राहण्याचे पैसे कवीकडून घेतो. (स्वतःच्या खिशातून कविता छापणारे प्रकाशक आहेत. थोडे आहेत, पण आहेत. हे त्यांच्याबद्दल नाही.) ही तिन्ही दारं तुम्हाला स्वतःला गाठता येतात. फक्त तिथे काय बोलायचं ते माहीत हवं.

आधी आयएसबीएन, कारण सगळ्यात जास्त भूल तिथेच पडते. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था देते, ती केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली आहे. अर्ज ऑनलाइन करायचा, लेखकाला स्वतःच्या नावाने करता येतो आणि शुल्क शून्य. जो 'आयएसबीएनसकट' म्हणून वेगळे पैसे लावतो, तो फुकटातली वस्तू विकतोय. मुख्य म्हणजे क्रमांक ज्याच्या नावावर, तो त्या पुस्तकाचा प्रकाशक. उद्या पुनर्मुद्रण करायचं म्हटलं तर त्याच्याच तोंडाकडे बघावं लागतं. पेपरबॅक, पुठ्ठा बांधणी आणि ई-बुक यांना वेगवेगळा क्रमांक लागतो. क्रमांक हातात यायला वेळ जातो, म्हणून मुखपृष्ठ छपाईला द्यायच्या बऱ्याच आधी अर्ज करा. बारकोड मलपृष्ठावर त्यानंतरच बसतो. आयएसबीएन म्हणजे कॉपीराइट नव्हे. कॉपीराइट कविता लिहिली तेव्हाच तुमचा झाला. तो हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो, नोंदणी सक्तीची नाही.

आता प्रतींचा आकडा. पहिल्या संग्रहाच्या हजार प्रती छापू नका. छापखान्यात हमखास ऐकू येणारं वाक्य आहे, "पाचशेच्या भावात थोडे घाला, हजार होतील." हिशोब खोटा नसतो. ऑफसेटवर प्लेटा (ज्यांवरून पानं छापतात ते पत्रे) आणि मशीन लावण्याचा खर्च एकदाच होतो, पुढे वाढतो तो कागद आणि बांधणी, त्यामुळे प्रतीमागचा दर उतरतो. पण स्वस्तात छापलेली आणि माळ्यावर पडलेली प्रत ही सगळ्यात महाग प्रत. कागदावर खरी यादी करा: मित्र-नातेवाईक, विकत घेतीलच असे वाचक, अभिप्रायाच्या प्रती, पुरस्कारांना पाठवायच्या प्रती (बहुतेक ठिकाणी दोन-तीन तरी मागतात). बहुतेकांची यादी दोनशेच्या आसपास दमते. तीनशे प्रती पुष्कळ झाल्या. तीनशेच्या आत डिजिटल छपाईचा दरही मागवा. तिथे प्लेटा नसतात, म्हणून थोड्या प्रती परवडतात आणि पुढच्या पन्नास हव्या तेव्हा काढता येतात.

छापखान्यात भाषा चालते ती फर्म्याची. नेहमीचा डेमी १/८ आकार म्हणजे कापून साडेपाच बाय साडेआठ इंच. १८ बाय २३ इंचांचा कागद दोन्ही बाजूंनी छापून तीन घड्या घातल्या की १६ पानं होतात, तो एक फर्मा. ९६ पानं म्हणजे सहा फर्मे बरोबर. १०० पानं म्हणजे सहा फर्मे आणि वर चार पानांचं लचांड. त्या चार पानांसाठी वेगळी प्लेट, वेगळं मशीन, वेगळी घडी. एकतर दोन कविता गाळून ९६ वर या, नाहीतर ११२ वर जा. (गाळाच. ऐंशी कविता जमल्या असतील तर त्यातल्या पंचवीस दुसऱ्या संग्रहाची वाट बघू शकतात.) कागदाचा हिशोबही स्वतः करून जा. २३ बाय ३६ च्या एका तावात (वरच्या कागदाच्या दुप्पट) ३२ पानं बसतात, म्हणजे ९६ पानांच्या पुस्तकाला तीन ताव. पाचशे प्रतींना पंधराशे ताव, ५०० तावांच्या रिमप्रमाणे तीन रिम आणि वर थोडी वाया जाणारी भर. कोटेशनमध्ये पाच रिम दिसल्या तर विचारा कुठे गेल्या. कोटेशन एकरकमी घेऊच नका. कागद, प्लेटा, छपाई, मुखपृष्ठ, लॅमिनेशन, बांधणी असं फोडून मागा. पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, पण कागदाच्या आणि छपाईच्या बिलावर असतो. सांगितलेला दर करासकट की कराशिवाय, हे लिहून घ्या.

खरी माती होते ती अक्षरजुळणीत. तुमच्या कविता मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिलेल्या, आणि डीटीपीवाल्याकडे अजून जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट. मग तो मजकूर कन्व्हर्टरमधून काढतो. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर', 'ॲ'च्या जागी रिकामा चौकोन येतो, अवतरणचिन्हं उलटी होतात. गद्यात वाचक सावरून घेतो. कवितेत सहा शब्दांची ओळ असते, तिथे खडा लागतोच. जुळणी युनिकोडमध्येच होईल, ही अट पहिल्या दिवशी घाला. फॉन्टसाठी पैसे मोजायची गरज नाही. 'टिरो देवनागरी मराठी' मुक्त परवान्याचा आहे, छापील मजकुराला शोभतो आणि त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. इतर बऱ्याच फॉन्टांत ते हिंदी वळणाचे येतात. काहींत मजकुराची भाषा मराठी निवडली की बदलतात, हे डीटीपीवाल्याला सांगावं लागतं. अक्षर १३ ते १४ पॉइंट, दोन ओळींतलं अंतर १८ ते २०. देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार, दोन्हीकडे जागा लागते.

कवितेची मांडणी म्हणजे गद्याचं पान मधोमध ओढणं नव्हे. ही ओळ बघा:

उन्हात वाळत घातलेल्या कुरडयांवरून अलगद उडून गेलेली चिमणी

डेमीच्या पानावर समास सोडले की मजकुराला जेमतेम चार इंच उरतात. १४ पॉइंटात ही ओळ मावत नाही. मग 'चिमणी' खाली घसरते आणि डावीकडे समासाला चिकटून एकटीच बसते. वाचकाला वाटतं, कवीने मुद्दाम ओळ तोडली, चिमणीला एकटं पाडलं, काहीतरी गहन आहे. गहन काही नाही, पान अरुंद आहे. अशा मुडपलेल्या ओळीचा उरलेला शब्द ठरावीक अंतर आत सरकवून ठेवायचा, आणि सगळ्या पुस्तकात तेच अंतर. लांब ओळींच्या कविता जास्त असतील तर अक्षर १३ वर आणा किंवा आकारच मोठा घ्या. दुसरी खोच पान उलटताना येते. कडवं पानाच्या तळाशी संपलं तर पुढे रिकामी ओळ होती की नव्हती, हे वाचकाला कळायला मार्ग नाही. म्हणून तळाला कडव्याच्या मध्ये तोडा, पण एकटी ओळ मागे किंवा पुढे सोडू नका. दोन पानांची कविता डाव्या पानावर सुरू केली की ती समोरासमोर उघडी राहते. सगळ्या कविता मध्यरेषेत घेण्याची हौस मात्र आवरा, ते लग्नपत्रिकेला ठीक.

हे सगळं स्क्रीनवर कळत नाही. सहा कोरे कागद घ्या, प्रत्येकाच्या तीन घड्या घाला, एकापुढे एक ठेवा, कडा फाडा आणि पेन्सिलीने पानांना आकडे घाला. ही डमी. पहिलं शीर्षकपान, प्रकाशनाचा तपशील, अर्पणपत्रिका, मनोगत, अनुक्रमणिका, मग कविता. कुठली कविता उजवीकडे आली, कुठे समोर कोरं पान आलं, सगळं तिथे दिसतं. प्रस्तावनेसाठी वर्षभर थांबणाऱ्यांना एकच सुचवणं: पहिल्या संग्रहाला चौदा पानांची प्रस्तावना म्हणजे जवळजवळ एक फर्मा. तेवढ्यात दहा कविता बसतात.

प्रुफं तीन वेळा, आणि कागदावर. पहिलं मूळ वहीशी ताडून, दुसरं दुसऱ्या माणसाकडून, तिसरं फक्त शीर्षकं, अनुक्रमणिका आणि पानांचे आकडे, कारण ते आपण वाचतच नाही, गृहीत धरतो. मुद्रितशोधकाला आधी एका पानावर लिहून द्या: बोलीतले शब्द तसेच ठेवायचे, 'व्हतं'चं 'होतं' करायचं नाही, विरामचिन्हं मुद्दाम गाळली आहेत. नाहीतर तो इमानेइतबारे तुमची बोली धुऊन प्रमाण करून देईल, वर त्याचं बिलही देईल. वृत्तात लिहिणाऱ्यांनी हेही सांगावं की ऱ्हस्व-दीर्घाची सूट वृत्तासाठी घेतली आहे. मराठी लेखनाचे नियमच कवीला तेवढं स्वातंत्र्य देतात. शेवटच्या दुरुस्तीनंतर नवी पीडीएफ आली की पुन्हा चाळा. एक काना घालताना पुढची अख्खी कविता खाली सरकलेली असू शकते.

आतला कागद ७० किंवा ८० ग्रॅमचा (हे चौरस मीटरमागचं वजन) मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा छपाईचा कागद, नॅचरल शेड (किंचित पिवळसर) मिळाली तर डोळ्यांना बरी. गुळगुळीत आर्ट पेपर आत नको. परफेक्ट बांधणीत पाठ खरवडून गरम गोंद लावतात, आणि त्या गुळगुळीत थरावर तो नीट धरत नाही, पानं सुटतात. आणखी एक गोष्ट छापखान्यात कोणी आपणहून सांगत नाही: कागदाच्या तंतूंची दिशा पाठीला समांतर हवी. आडवी गेली तर पुस्तक फटकन मिटतं आणि पावसाळ्यात पानं पाठीजवळ लाटांसारखी होतात. नमुना प्रत आली की मधोमध उघडून एक पान हलकेच ओढून बघा. ९६ पानांच्या पुस्तकाची पाठ ४-५ मिलिमीटर भरते. तिच्यावर नाव छापायचं तर लहान छापा. बाइंडरकडून एखादा मिलिमीटर सरकणारच, आणि मोठं नाव मुखपृष्ठावर उतरणार.

मुखपृष्ठाला ३०० ग्रॅमचं आर्ट कार्ड. काळं मॅट फार देखणं दिसतं, पण प्रकाशनाच्या दिवशीच पाहुण्यांच्या बोटांचे ठसे घेऊन मिरवतं. लॅमिनेशन एकाच बाजूला असतं. आतली उघडी बाजू हवेतला दमटपणा पिऊन फुगते, बाहेरची फुगत नाही, म्हणून जुलैत पुस्तकं आपोआप उघडतात. बांधणीनंतर गठ्ठे दाबाखाली ठेवायला सांगा आणि शक्य असेल तर जून ते सप्टेंबर टाळा. चित्राला कडेने तीन मिलिमीटर जादा हवं (ते कापण्यात जातं), आणि ते व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवू नका, बारीक होऊन जातं. आतल्या पानांची अक्षरं फक्त काळ्या शाईत आहेत ना, चार रंग मिसळून केलेल्या काळ्यात नाहीत ना, हेही विचारा. इंटरनेटवरून उचललेलं चित्र नकोच. चित्रकाराकडून घ्या आणि परवानगी लेखी घ्या. तिच्यात मुदत लिहा, कारण हक्क लेखी देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

प्रकाशनाच्या तपशिलात प्रकाशक आणि मुद्रक यांचं नाव-गाव, आवृत्तीची तारीख, किंमत, हक्क कोणाचे ते सगळं घाला. १८६७ च्या जुन्या कायद्याची मुद्रक-प्रकाशकाच्या नावाची सक्ती होती. १ मार्च २०२४ पासून त्याच्या जागी आलेला कायदा नियतकालिकांपुरता आहे, पुस्तकं त्यातून बाहेर पडली. तरी नावं छापाच, टपालाला लागतात. तारखेचंही महत्त्व आहे. राज्य वाङ्मय पुरस्कारांना त्या-त्या कॅलेंडर वर्षातलं प्रथम प्रकाशन धरतात. २८ डिसेंबरची तारीख घातली की तीन दिवसांत तुमचं पुस्तक 'गेल्या वर्षीचं' होतं. आणि छपाईला जाण्याआधी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. ती पहिल्याच पुस्तकासाठी आहे आणि हस्तलिखितावर मिळते. पुस्तक छापून झाल्यावर आठवून उपयोग नाही.

विक्रीचा हिशोब आधीच करा. समजा प्रत ७० रुपयांत पडली आणि किंमत १५० ठेवली. विक्रेत्याने ४० टक्के घेतले तर हातात ९०. दुकानापर्यंत पोचवायचा खर्च त्यातूनच. उधारीवर ठेवलेल्या प्रतींची पावती घ्या, संख्येसकट.

प्रकाशित झाल्यापासून ३० दिवसांत चार प्रती सरकारी ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायच्या असतात. १९५४ चा कायदा आहे. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईत टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. न पाठवल्यास त्या कायद्याने दंड ठेवला तो ५० रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत, त्यामुळे कोणी घाबरत नाही. पण कवितासंग्रह पन्नास वर्षांनी सापडायचा असेल तर या चार कपाटांतच सापडेल.

बाकीच्या प्रतींसाठी टपाल खात्याची 'ज्ञान पोस्ट' सेवा १ मे २०२५ पासून सुरू आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, वर कर. जमिनीवरून जाते, वेळ लागतो, जाहिरातींचा मजकूर चालत नाही. ९६ पानांची ७० ग्रॅम कागदाची प्रत भरते साधारण १२० ग्रॅम, म्हणजे पाकिटासकट दोन प्रती एका दरात जातात. ८० ग्रॅमचा कागद घेतला असेल तर दुसरी प्रत घालण्याआधी पाकीट वजनकाट्यावर ठेवून बघा.