बंद म्हणजे नेमकं किती बंद?

बागा, कळंगुट, हडफडे, हणजूण, वागातोर. सीझनमध्ये उत्तर गोव्याच्या या किनारपट्ट्यात दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. गावकरी म्हणतात, झोप नाही. क्लबवाले म्हणतात, धंदा करू देत नाहीत. भांडण वर्षानुवर्षं चालू आहे आणि ते ज्या दोन शब्दांवर अडलंय, त्यांच्याकडे कुणी नीट बघत नाही. ते शब्द म्हणजे ‘बंद जागा’.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर वाजवता येत नाही. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. एरवी सूट आहे ती सभागृहासारख्या बंद जागेला. क्लबची गर्दी मुळात सुरू होते दहा-अकराला, त्यामुळे ज्याला त्याला ‘बंद’ व्हायचं असतं. इकडे सीआरझेडमुळे, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांच्या नियमांमुळे, भरतीरेषेजवळ नवं पक्कं बांधकाम होत नाही. मग निघतो जुगाड: बांबू-लाकडाचा सांगाडा, माडाच्या झावळ्यांचे झाप, वर पत्रा, बाजूंना काच किंवा ताडपत्री, आतून फोम आणि दाराला जाड पडदा. झालं बंद! आवाज बाहेर जातोच, आग लागली की धूर मात्र आत कोंडतो.

आधी आवाजाचं बघू, कारण सगळा जुगाड त्याच्या नावाखाली होतो. शेजाऱ्याला झोपू देत नाही तो बास, म्हणजे गाण्यातला खालचा, धडधडणारा सूर, साधारण 40 ते 100 हर्ट्झचा. 50 हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास 7 मीटर. तिच्यापुढे 50 मिमीचा फोम म्हणजे पुरापुढे चाळण. फोममुळे आतला घुमारा कमी होतो, गाण्याचे शब्द स्वच्छ ऐकू येतात, म्हणून मालकाला वाटतं ‘साउंडप्रूफ’ झालं. बास अडतो फक्त वजनाने. नऊ इंची विटेची भिंत, तिच्या आत दुसरी भिंत, मध्ये पोकळी आणि दोघींचा एकमेकींशी कुठेही सांधा नको. एक खिळा आरपार गेला की कंपनं तिथूनच पार होतात. प्रवेशाला दोन दारांची लॉबी लागते, म्हणजे एक मिटल्यावर दुसरं उघडेल. एसीच्या डक्टला सायलेन्सर नसेल तर भिंतीवरचा खर्च पाण्यात. आणि पत्र्याचं छप्पर तर ताशाच्या कातड्यासारखं स्वतःच वाजतं.

थोडक्या पैशात काही करायचंच असेल तर ते स्पीकरपासून करावं. सबवूफर, म्हणजे बास वाजवणारे मोठे स्पीकर, थेट लाकडी स्टेजवर न ठेवता रबरी पॅडवर ठेवायचे. तीनपैकी एक सब उलट्या तोंडाने ठेवून त्याची पोलॅरिटी (तारांची अधिक-उणे बाजू) उलटवली आणि मोजून डिले दिला, म्हणजे त्याचा आवाज किंचित उशिरा सोडला, की मागच्या बाजूचा बास बराच उतरतो. मग ती मागची बाजू गावाकडे करायची. सिस्टीमला लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीवर जाऊ न देणारं यंत्र) लावून त्याचं सील डीजेच्या हातापासून लांब ठेवायचं, कारण दीड वाजता रंगात आलेला डीजे कुणाच्या बापाचं ऐकत नाही. दक्षिण गोव्यात पाळोळ्याला हेडफोन पार्टीची प्रथा पडली, तो मला आजवरचा सगळ्यात प्रामाणिक उपाय वाटतो. हेडफोन काढला की फक्त चपलांचा घसरा आणि शंभर जणांचं बेसूर गाणं ऐकू येतं.

मीटरची गंमत तर अजून वेगळी. नियमातली मर्यादा, म्हणजे निवासी भागात रात्री 45 आणि व्यापारी भागात 55, ही डीबीएमध्ये आहे. हे माप माणसाच्या कानानुसार खालचे सूर वजा करतं, आणि 50 हर्ट्झला ही वजावट सुमारे 30 डेसिबलची असते. म्हणून अधिकारी मीटर धरून म्हणतो ‘मर्यादेत आहे’ आणि त्याच क्षणी तक्रारदाराच्या खिडकीची काच थरथरत असते. कुणीच खोटं बोलत नसतं. खालचे सूर फारसे वजा न करणाऱ्या डीबीसी मापात दुसरं रीडिंग घेतलं, तर दोन आकड्यांतला फरक बघूनच बास किती सुटलाय ते कळतं. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही, बहुतेक मीटरवर बटण असतंच. शिवाय रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार झाली की आवाज वर निघून न जाता खाली वाकतो, पाण्यावरून तर फारच लांब जातो. वागातोर-शापोराचा आवाज नदीपलीकडे मोरजीत पोचतो तो असा, आणि मोरजीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात.

आता आग. 2003 मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या ‘द स्टेशन’ क्लबात स्टेजवरच्या आतषबाजीने भिंतीवरच्या फोमने पेट घेतला. दीड मिनिटात आत तग धरणं अशक्य झालं, 100 माणसं गेली. 2013 मध्ये ब्राझीलच्या सांता मारियात तेच, 242. पॉलियुरेथेन फोमच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर सायनाइडही असतं, दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. मुंबईत 29 डिसेंबर 2017 ला कमला मिल्समध्ये 14 जण गेले, त्यातले बरेच स्वच्छतागृहात आसरा घेतलेले. आणि 6 डिसेंबर 2025 च्या मध्यरात्री आपल्या हडफडेतल्या क्लबात 25, बहुतेक तिथे काम करणारी माणसं. पाहुण्यांच्या बाहेर पडायच्या वाटेचा निदान कुणीतरी विचार करतो. स्वयंपाकघर तळघरात असेल तर तिथल्या पोरांच्या वाटेचा विचार कुणाच्या नकाशात असतो?

दाराचं गणित साधं आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या 2016 च्या आवृत्तीत ठरावीक बैठक नसलेल्या, कमी दाटीच्या जागेला माणशी 1.4 चौरस मीटर धरतात आणि दाटीने उभ्या गर्दीला 0.65. म्हणजे 140 चौरस मीटरचा लाउंज 100 माणसांचा. बारा वाजता टेबलं उचलून भिंतीला लावली की तोच 215 जणांचा डान्सफ्लोअर होतो. लायसन्स लाउंजचं, गर्दी क्लबची! दाराला माणशी 6.5 मिमी आणि जिन्याला 10 मिमी रुंदी धरतात, म्हणजे 215 जणांना निदान 1.4 मीटर दार आणि 2.15 मीटर जिना. प्रत्यक्षात दिसतो हाताला गंज लागणारा गोल लोखंडी जिना, ज्यावरून एका वेळी एकच माणूस उतरतो, तोही हातात ग्लास नसेल तर. दुसरं दार असतं, पण त्याच्या पुढ्यात बिअरचे क्रेट रचलेले, किंवा फुकटे आत घुसू नयेत म्हणून कुलूप. आणि घाबरलेला माणूस आला त्याच दाराकडे धावतो. द स्टेशनमध्ये पुढच्या दारात माणसांवर माणसं अडकली.

ठिणगी कुठून येते? ‘कोल्ड पायरो’, म्हणजे ‘थंड’ आतषबाजी, या नावाला भुलू नका. त्या मशीनमधून धातूचा तापलेला चुरा उडतो. उघड्या मैदानात ठीक, झापाखाली वेडेपणा. बाटलीला लावायची फुलबाजी तर हजार अंशांच्या वर जळते. त्याहून गुपचूप काम करते खारी हवा. एका पावसाळ्यात तांब्याच्या टोकांवर हिरवा थर चढतो, जोड सैल होतो, आणि अॅम्प्लिफायर, एसी, फ्रायर एकदम चालू झाले की तो सांधा तापत राहतो. एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, कारण करंट मर्यादेतच असतो. ऑक्टोबरात शॅक उभारताना मागच्या वर्षीचीच वायर पुन्हा ओढतात, तिथे हे हमखास होतं. प्रत्येक टोक कापून नवं करायचं, लग्ज (वायरच्या टोकाच्या धातूच्या टोप्या) दाबून बसवायचे आणि सगळा लोड टाकून तासाभराने सांध्यांवर थर्मल कॅमेरा फिरवायचा. अर्ध्या दिवसाचं काम.

जाणाऱ्यांसाठी एवढंच: आत शिरल्यावर आधी वर बघा. झावळ्या, कापडी झालर किंवा उघडा फोम आणि त्याखाली फुलबाज्या असं जोडपं दिसलं तर प्रवेशाचे पैसे गेले समजून निघा. थांबणार असाल तर दुसरं दार नुसतं बघू नका, ढकलून बघा, आणि ते कुठे उघडतं तेही बघा; भिंत घातलेल्या बोळात उघडणारी दारंही असतात. धूर दिसला तर बिल, बॅग, मोबाइल सगळं सोडून खाली वाकून बाहेर. स्वच्छतागृहात अजिबात नाही.

आणि परवाना देणाऱ्या पंचायतीला एक सुचवणं. फोमवर ‘फायर रिटार्डंट’ असं छापलेलं प्रमाणपत्र फाइलला लावून घेण्याआधी त्याच भिंतीच्या कोपऱ्यातला बोटभर तुकडा कापा, बाहेर वाळूवर चिमट्यात धरा आणि काडी लावा. काडी बाजूला केल्यावर तुकडा विझायला हवा. पेटते थेंब खाली गळत राहिले, तर त्या दिवशी सही करू नका.