फोम भरला की होडी बुडत नाही, या दाव्याची तपासणी

मासेमारीच्या लहान होड्यांसाठी एक सल्ला सध्या सर्वत्र फिरत आहे: तळ आणि डेक यांच्यामधली पोकळी फोमने गच्च भरा, म्हणजे होडी हलकी होते, अधिक वर तरंगते, डुलत नाही, कधीच बुडत नाही, आणि फोम पाणी पीत नसल्याने पुन्हा त्याकडे पाहावे लागत नाही. यातले न बुडण्याचे विधान तेवढे खरे ठरू शकते, तेही काही अटींवर. या सल्ल्याच्या भरवशावर माणसे पाण्यात जातात, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे आवश्यक वाटते.

होडी हलकी होते, हे उघडच चूक आहे. पोकळीत हवा असो वा फोम, होडीचा बाहेरचा आकार बदलत नाही. मात्र घनमीटरला 32 किलो वजनाचा नेहमीचा फोम 300 लिटर भरला, तर सुमारे 10 किलोंची भर पडते आणि होडी किंचित खालीच बसते. फोमचा उपयोग सुरू होतो तो होडीत पाणी शिरल्यावर, कारण त्याने अडवलेल्या जागेत पाणी शिरू शकत नाही.

‘कधीच बुडत नाही’ हे हिशेबाने ठरते. बुडालेल्या फायबरचे वजन सुमारे एकतृतीयांश भरते, त्यामुळे 300 किलोंच्या सांगाड्याला 100 किलोंचा आधार लागतो. मोटर, बॅटरी, नांगर आणि जाळ्याचे शिसे मिळून आणखी 85 किलो धरले आणि पाणी भरलेल्या होडीत कमरेपर्यंत बुडून बसलेल्या तीन माणसांचे 110 किलो मिळवले, तर बेरीज 295 किलोंवर जाते. एक लिटर फोम पूर्ण बुडाल्यावर जेमतेम 970 ग्रॅम पेलतो; म्हणजे 300 लिटरांहून अधिक फोम हवा. बर्फ स्वतःच तरंगतो आणि मासळीचा भार पाण्यात जवळजवळ उरत नाही, पण शिशाचे वजन फारसे घटत नाही.

सर्वांत घातक दावा स्थैर्याचा आहे. सगळा फोम तळाशी असेल तर पाणी भरलेल्या होडीत उचलणारा जोर खाली आणि मोटरीसारखे जड सामान वर, अशी स्थिती होते. आतले पाणी एका कुशीला धावले की होडी पालथी होते आणि फोम असलेला तळ वर येतो. अशी होडी बुडाली नाही हे खरे, पण माणसे पाण्यात फेकली जातात आणि गुळगुळीत तळावर धरायला काही नसते. म्हणून बराचसा फोम दोन्ही बाजूंना, काठाच्या लगेच खाली, शक्य तितका बाहेरच्या अंगाला बसवावा, आणि मोटरीचा भार पेलण्यासाठी काही भाग मागच्या कोपऱ्यांत ठेवावा. होडी कलली की बुडणाऱ्या बाजूचा फोम तिला वर ढकलतो. हिशेबाइतकाच फोम योग्य जागी असणे हे त्याहून अधिक फोम तळात कोंबण्यापेक्षा मला केव्हाही श्रेयस्कर वाटते.

फोम पाणी पीत नाही, हेही पूर्ण खरे नाही. बंद पेशींचा, म्हणजे आतले बारीक बुडबुडे एकमेकांना न जोडलेला पॉलियुरेथेन फोमदेखील वर्षानुवर्षे साचलेल्या पाण्यात राहिला तर ते शोषतो, आणि डेकखाली अडकलेले ते वजन बाहेरून दिसत नाही. तळ भरायचाच असेल तर फोमखालून, होडीतले पाणी काढून टाकण्याच्या बुचापर्यंत पाणी वाहायला मोकळी वाट ठेवावी. पेट्रोलच्या टाकीभोवती फोम ओतू नये. अडकलेल्या ओलाव्याने ॲल्युमिनियमची टाकी आतल्या आत खंगते.

कोणताही फोम चालतो, असेही सांगितले जाते. थर्माकोल पेट्रोलने आणि फायबरच्या कामात वापरल्या जाणाऱ्या पॉलिएस्टर रेझिनने विरघळतो. फटी बुजवण्याचा डब्यातला फोम हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, त्यामुळे खोल पोकळीत तो आतून कच्चा राहतो. दोन द्रव मिसळून फुगणारा फोम योग्य आहे, पण तो थोडा थोडा, थर देत ओतावा. एकदम ओतल्यास तो अतिशय तापतो आणि बाहेर पडायला वाट नसेल तर होडीची भिंतही फुगवतो. त्याची वाफ फुप्फुसांना अपायकारक असल्याने काम उघड्यावर, योग्य मास्क लावून करावे.

काम झाल्यावर शांत, छातीएवढ्या पाण्यात होडी दोरीने बांधून, मोटर व बॅटरीच्या जागी तितकीच लोखंडी वजने घट्ट बांधून, बूच काढावे आणि ती काठोकाठ भरू द्यावी. मग एका काठावर भार देऊन पाहावे: ती सरळ राहिली नाही, तर फोम आणखी वर आणि बाहेरच्या बाजूला हलवावा लागेल.