अक्षराला कसले मार्क?

"उत्तर बरोबर आहे रे, पण अक्षर बघ." झालं, कापला अर्धा मार्क! अहो पेपर विज्ञानाचा आहे ना, मग अक्षराचं काय घेऊन बसलात? त्यात डावखुऱ्या पोरांचे हाल तर विचारूच नका, साधारण दहातलं एक पोर डावखुरं असतं, लिहिताना हात ओल्या शाईवरूनच सरकतो, ओळ फासते, करंगळीची कड निळी होते आणि वर शेरा काय, तर 'गबाळं काम'. फळीवाली खुर्ची घ्या, फळीसुद्धा उजवीकडेच! एका चांगल्या गुणावरून माणूस सगळ्यातच चांगला वाटतो हे थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला सैनिकांच्या मूल्यमापनात १९२० सालीच दिसलं होतं, तरी आमचं आपलं चालूच, टापटीप वही म्हणजे हुशार पोरगं. म्हणे निष्पक्ष तपासणी. डोंबलाची निष्पक्ष!