मासे दाखवा, नाहीतर पैसे परत!

पुण्याहून मालवणला स्नॉर्कलिंगला, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावर पालथं तरंगत खालचं जग बघायला, निघालेला कुठलाही ग्रुप घ्या. होडीत पाय ठेवायच्या आधी त्यातला एक जण विचारणार म्हणजे विचारणारच, "दादा, मासे नक्की दिसतील ना?" प्रश्न तसा साधा. पैसे मोजतोय तर विचारायला काय हरकत आहे? पण मालवणच्या पाण्याखाली जे काही चुकतंय त्यातलं बरंचसं या एका प्रश्नापासून सुरू होतं, असं माझं स्पष्ट मत झालंय. पोस्ट लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

डिसेंबरात आम्ही कॉलेजचे मित्रमैत्रिणी गेलो होतो. रात्री निघून कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली आणि मग मालवण. प्रवासाबद्दल फार सांगत नाही, गाडीत कोण घोरलं हा आमचा अंतर्गत मामला आहे. तारीख मात्र आम्ही कालनिर्णय समोर ठेवून ठरवली होती. आमच्यातल्या एकीचं माहेर देवगडकडचं. तिने आधीच बजावलं होतं, "अमावास्या-पौर्णिमा सोडून बोला." कोकणात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं आणि आपण पुणेकर लाँग वीकेंडच्या पलीकडे काही बघत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. पाणी खूप चढतं, खूप उतरतं, त्या ओढीने तळाची माती उठते आणि पाणी गढूळ होतं. अष्टमीच्या पुढच्या दोन-तीन दिवसांत भांगाची भरती असते, पाण्याची ये-जा कमी आणि म्हणून पाणी निवळ. भरतीची वेळ काढायचा तिचा हिशोबही सोपा होता: तिथीची पाऊणपट करायची. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट, म्हणजे सव्वाआठच्या सुमारास भरती. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण अंदाज येतो. दुपारी वारा सुटतो, त्यामुळे सकाळी आठला पाण्यात असणं सगळ्यात उत्तम. हॉटेलच्या फुकट नाश्त्यासाठी साडेनऊपर्यंत थांबणाऱ्यांना समुद्र थांबत नाही.

जेट्टीवरून सुटलात की समोर सिंधुदुर्ग. महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर याची उभारणी सुरू केली. बहुतेक जण आत जातात, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी बघतात, शिवराजेश्वराच्या मंदिरात नमस्कार करतात आणि परततात. पण ज्या खडकाच्या आधाराने हा किल्ला उभा आहे तोच खडक तटाच्या बाहेर पाण्याखाली पसरलाय, आणि त्यावर प्रवाळ (कोरल) आहेत. १९८७ साली या भागाला सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केलं, क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या आसपास. स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध होता. ज्यांचं पोट त्या पाण्यावर त्यांना विश्वासात न घेता रेषा आखल्या की विरोध होणारच, त्यात त्यांना दोष द्यायचं कारण नाही. जाहीर होऊन इतकी वर्षं झाली, पण आपण अभयारण्यात शिरलोय हे होडीतल्या दहापैकी नऊ जणांना माहीत नसतं, हे मी पैजेवर सांगते. ताडोब्यात जिप्सीतून खाली उतरायची आपली हिंमत नाही. इथे आपण थेट उडी मारतो, वर विचारतो, खाली उभं राहायला जागा आहे का.

तर आमची होडी किल्ल्यामागे जाऊन थांबली. होडीवाले काका साठीचे, सोबत त्यांचा पुतण्या गाइड म्हणून. पुतण्याने मास्क वाटले आणि एक प्लास्टिकची बाटली काढली. आत पावाचे भिजवलेले तुकडे. ही बाटली पाण्यात दाबली की पाव बाहेर येतो, क्षणात काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे तोंडाभोवती गोळा होतात, गाइड कॅमेरा धरतो आणि तुमचं रील तयार. ते मासे म्हणजे सार्जंट मेजर. धीट, भांडकुदळ आणि खादाड. रोज सकाळी पाव मिळायला लागला की ते तिथेच मुक्काम ठोकतात, आणि लाजरे मासे त्या गर्दीतून बाजूला होतात. मालवणचे कुणाचेही व्हिडिओ बघा, त्याच जातीचे मासे, तोच घोळका, तोच अंगठा वर. अंदमानला जाऊन आलेले मग म्हणतात, "मालवणला एकच मासा आहे." एकच नाहीये हो. पावाला येणारा एकच आहे.

आम्ही म्हटलं, काका, पाव नको. त्यांनी आमच्याकडे जरा संशयाने बघितलं. मग म्हणाले, "पाव नाय घातलो तरी मासो आसताच. पण लोकांका पाच मिनटांत होयो."

या वाक्यासाठीच ही पोस्ट लिहिते आहे. आपण फेसबुकवर तावातावाने लिहितो की तिकडचे लोक निसर्गाची वाट लावतात. बाटलीत पाव भरायची हौस त्या माणसाला नाही. त्याला माहीत आहे की वीस मिनिटांत मासा दिसला नाही तर हे पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक वर येऊन तोंड वाकडं करणार, एक स्टार देणार आणि उरलेले पैसे देताना कुरकुर करणार. मागणी आपली आहे, पुरवठा त्याचा. ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या मासेमारी होती आणि आता मोठ्या जाळ्याने अख्खा थवा घेरून पकडणाऱ्या पर्ससीन बोटींपुढे टिकाव लागत नाही, त्यांची मुलं गाइड झाली आहेत. त्यांना वर्षाकाठी मिळतात किती दिवस? २६ मेच्या सुमाराला पर्यटकांच्या बोटी बंद होतात, त्या ऑगस्ट संपेपर्यंत. पुढे गणपती, मग दिवाळी. तेवढ्या दिवसांत वर्ष काढायचं असेल तर तो गिऱ्हाइकाला जे हवं तेच देणार.

म्हणून आम्ही मागणी बदलली. वीस मिनिटांऐवजी दीड तास मागितला, त्याचे जास्तीचे पैसे आधीच ठरवले आणि मासे दाखवायची जबाबदारी काकांच्या डोक्यावरून काढून घेतली. दिसले तर दिसले. काका म्हणाले, "बरा झाला, माजो पाव वाचलो."

पहिली दहा मिनिटं काहीही दिसलं नाही. हिरवट पाणी, खाली करडे गोलसर दगड, आणि आमच्यातल्या मिशाळ मित्राच्या मास्कमध्ये शिरणारं पाणी. (मिशीवर मास्क नीट बसत नाही. त्याने मिशी काढायला साफ नकार दिला, मग दर तीन मिनिटांनी मास्क रिकामा करत बसला. ज्याची त्याची निष्ठा.) मास्कची काच धुरकट होत असेल तर आतून थुंकी चोळायची आणि हलकं विसळायचं. आमच्या डॉक्टर मैत्रिणीने "शी" म्हटलं आणि पाचव्या मिनिटाला गुपचूप तेच केलं.

मग नजर बसली. करडे दगड हे दगड नव्हतेच. पोराइट्स नावाच्या जातीसारखे प्रवाळ होते, लहान लहान जिवांनी मिळून बांधलेले. असा प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. घागरीएवढा गोळा दिसला तर ती वीसेक वर्षांची बांधणी आहे. त्यांचा तपकिरी-हिरवा रंग येतो तो आत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालामुळे. ते शैवाल उन्हावर अन्न बनवतं आणि प्रवाळाला त्यातला वाटा देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या प्रवाळांचं असं चौथं जागतिक विरंजन जाहीर केलं. लक्षद्वीपलाही त्या वर्षी झळ बसली. हे सगळं वाचलेलं होतं, पण त्या गोळ्याच्या हातभर वर तरंगताना वाचलेलं आठवत नाही. फटीतून एक बटरफ्लाय मासा बाहेर आला, आम्हाला बघून परत आत गेला, आणि आम्ही हललो नाही म्हणून पुन्हा बाहेर आला. पलीकडे पॅरटफिश दगडावरचं शैवाल खरवडत होता. कान पाण्यात असले की ते खरवडणं कुरकुर असं ऐकू येतं. खडकाखालून शेवंडाच्या (लॉबस्टरच्या) दोन लांब मिशा हलताना दिसल्या. (आमच्या मिशाळ मित्राला तिथेच नवीन नाव मिळालं.) आमच्यातला एक जण वर आल्यावर म्हणाला, मी एवढा मोठा गोबरा (ग्रूपर मासा) बघितला, आणि दोन्ही हात पसरले. पाण्याखाली मास्कमधून सगळं साधारण एक तृतीयांश मोठं दिसतं. ते वजा केलं तरी त्याचा गोबरा मोठाच होता.

सगळ्यात जास्त कुणी बघितलं माहीत आहे? ज्याला पोहता येत नाही त्याने. त्याने रिंग पकडली, तोंड पाण्यात घातलं आणि दीड तास गप्प पडून राहिला. आम्ही पोहणारे इकडून तिकडे हात मारत मासे पळवत होतो. स्नॉर्कलिंगमध्ये पोहण्यापेक्षा पडून राहणं महत्त्वाचं, आणि तेच आपल्याला जमत नाही.

आणि पडून राहता आलं नाही की माणूस घाबरतो, पाय खाली सोडतो आणि प्रवाळावर उभा राहतो. मालवणला मी हे डोळ्यांनी बघितलंय, बाजूच्या होडीतले दोघे कमरेवर हात ठेवून आरामात उभे होते आणि तिसरा फोटो काढत होता. वीस वर्षांच्या बांधणीवर दोन मिनिटांची विश्रांती. प्रवाळाचा तुटका तुकडा आठवण म्हणून खिशात घालणारेही असतात. वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळाला वाघाइतकंच वरचं, पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण आहे, एवढं त्यांना सांगितलं तर तुकडा बहुधा परत पाण्यात जाईल. यावर उपाय पुण्यातच आहे. जायच्या आधी महिनाभर टिळक टँकवर किंवा घराजवळच्या तलावात जा. पोहण्याच्या फेऱ्या राहू देत, पालथं तरंगायला शिका. मास्क आणि नळी वापरायची परवानगी मिळाली तर तिथेच सराव करा, पुढे समुद्रात हातपाय झाडावे लागत नाहीत.

घासाघिशीबद्दलही बोलते. आपण जेट्टीवर शंभर रुपये कमी करून घेतले की छाती फुगवतो. ते शंभर रुपये भरून काढायला होडीत आणखी दोन माणसं चढतात, हे आपल्याला दिसत नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. तेव्हा चार दिवस सगळे हळहळले, आणि पुढच्या सीझनला पुन्हा "दोन माणसं ॲडजस्ट करा ना" सुरू. लाइफ जॅकेट अंगावर नीट बांधलेलं असावं, होडीत किती माणसं बसायची ते विचारावं आणि जास्त दिसली तर उतरावं. यात लाजण्यासारखं काही नाही. आपण पुणेकर रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडतो, इथे का गप्प बसतो?

सनस्क्रीनचं सांगायचं राहिलं. ऑक्सिबेंझोन हे ऊन अडवणारं रसायन असलेली सनस्क्रीन प्रवाळाला घातक ठरू शकतात म्हणून हवाईने २०२१ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे कुणी विचारत नाही, पण सोपा मार्ग म्हणजे पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लांब पँट. पालथं तरंगताना पाठ आणि पोटऱ्या भाजतात, आणि तिथे लोशन लावायला कुणाचा हात पोचतो? कचऱ्याचंही तसंच. आपली मुठा भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे मालवणच्या समुद्रात कचरा टाकायचा तर पुणेकराला तो चारशेएक किलोमीटर गाडीतून न्यावा लागतो. एवढे कष्ट घेतलेच आहेत तर परतही आणा.

काही जण म्हणतील, एक दिवस मजा करायला जातो, त्यातही तुमचे नियम. बरोबर आहे. मजा करा. मी फक्त एवढंच म्हणते की पाव टाकून मिळणारी मजा आमच्या दीड तासापुढे फिकी होती, आणि हे मी दोन्ही प्रकार बघून सांगते. आमच्या गाडीत परतीच्या वाटेवर कुणीही फोन काढून व्हिडिओ दाखवला नाही, कारण व्हिडिओ नव्हताच. कणकवलीपासून कोल्हापूरपर्यंत वाद चालू होता तो गोबऱ्याच्या लांबीवर.

पुढचा बेत जानेवारीचा आहे. गाडीत दोन जागा आहेत, व्हिडिओ हवा असणाऱ्यांनी दुसरी गाडी करावी. होडीवाल्या काकांचा नंबर कृपया इनबॉक्समध्ये मागू नका, देणार नाही. एकाच रविवारी पन्नास पुणेकर त्यांच्याकडे पोचले तर ते पावाची बाटली परत काढतील. सकाळी साडेसातला जेट्टीवर उभे राहा आणि जो होडीवाला "आज पाणी गढूळ आसा, उद्या येवा" असं सांगून गिऱ्हाईक परत पाठवताना दिसेल, त्याच्याच होडीत दुसऱ्या दिवशी बसा.