फोंतेन्हासमधलं घर घ्यायचंय? मग जुलैत बघायला या

पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीतलं एक घर विकायला निघालंय. जाहिरात ग्रुपाग्रुपांतून फिरतेय आणि पुण्या-मुंबईचे मित्र तीच मला पाठवून विचारताहेत, "तू तिथलाच ना, कसं आहे रे?" पिवळ्याधमक भिंती, निळ्या चौकटी, लोखंडी कठड्याची बाल्कनी, आत पांढरा सोफा आणि कोपऱ्यात एक पितळी समई (ही समई कुठून आली देव जाणे). "पोर्तुगीजकालीन वास्तू, संपूर्ण नूतनीकरण केलेली, राहायला तयार." सगळे फोटो डिसेंबरातले. आकाश बघूनच कळतं.

घर वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. मी ते आतून पाहिलेलंच नाही. पण मी शेजारच्या माळा नावाच्या वाड्यावर (म्हणजे वस्तीत) वाढलो, या भागातली घरं तिन्ही ऋतूंत बघत आलोय, आणि माझं स्पष्ट मत आहे की इथलं कुठलंही जुनं घर हिवाळ्यात बघून घेऊ नये. जुलैत यावं. आठवडाभर सूर्य दिसलेला नसताना यावं.

कारण साधं आहे. पश्चिमेला आल्तिनोची टेकडी, पूर्वेला उरेवची खाडी, मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात ही वस्ती वसली. वरून टेकडीचं पाणी झिरपतं, खालून खाडीची ओल चढते. फोंतेन्हास हे नावच तिथल्या झऱ्यांवरून आलं, आणि फोंत फेनिक्सचा झरा आमच्या माळ्यावर आजही आहे. आधीची राजधानी जुनं गोवें साथींनी ओस पडत गेल्यावर 1759 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय पणजीला आदिलशहाच्या राजवाड्यात राहायला आला, 1843 मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली, आणि त्या काळात इथल्या माडांच्या बागेत घरं उभी राहत गेली. म्हणजे पाणथळ बागेत वसलेली वस्ती. त्यावर वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस.

बांधणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. भिंती जांभ्या चिऱ्यांच्या, हातभर जाडीच्या. चिरा पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. म्हणून वर चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग, त्यात काव, पिवडी नाहीतर नीळ घातलेली. दर पावसाळ्यानंतर घर रंगवायचा दंडक होता आणि पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवलेला, असं जुने लोक सांगतात. पर्यटकांना हे रंग फोटोसाठी आवडतात. भिंतीला ते श्वास घ्यायला लागत होते.

आता रिनोव्हेशनवाले काय करतात? चुना खरवडतात, सिमेंटचा गिलावा मारतात, वर प्लास्टिक पेंट. पहिलं वर्ष घर नव्या नवरीसारखं दिसतं. पण चिऱ्यातली ओल बाहेर यायचा रस्ता बंद झालेला असतो. मग ती आतल्या आत वर चढते, क्षार फुगतात, रंगाला फोड येतात, गिलाव्याचे पोपडे सुटतात. विकणारा तोवर मोकळा झालेला असतो. म्हणून दलालाला एकच प्रश्न विचारा: गिलावा चुन्याचा की सिमेंटचा? तो "एकदम मजबूत काम आहे" म्हणाला तर सिमेंटचा.

छताचंही तसंच. आमच्याकडे एक वयस्कर मेस्त (म्हणजे कारागीर) होते, ते म्हणायचे, "घर दाखयतात, पाखें दाखयनात." घर दाखवतात, छप्पर दाखवत नाहीत. फॉल्स सीलिंग आणि त्यात लपवलेले दिवे बघायला छान, पण वरचे वासे कोणत्या अवस्थेत आहेत ते दिसत नाही. फणस, किंदळ, सागवान हे लाकूड पिढ्यानपिढ्या टिकतं, पण कौल सरकून एका जागी पाणी ठिबकत राहिलं की तिथे वाळवी आलीच. पूर्वी दर वर्षी मे महिन्यात कौलं परतायची. ते काम खर्चाचं, आणि ते जाणणारी माणसंही हल्ली शोधावी लागतात. छताचा एक तुकडा उघडून दाखवा म्हणावं. नाही म्हणाला तर चहा पिऊन निघावं. शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी जुनी असेल तर मात्र किंमत थोडी जास्त द्यायला माझी ना नाही. ती तशी पुन्हा करून घेणं फार अवघड.

भिंत आणि छत एकवेळ दुरुस्त होतील. कागदांचं काय?

गोव्याबाहेरच्या मित्रांनो, हे नीट वाचा. इथे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालते. वारसा आणि इन्व्हेंटरीचा (म्हणजे वारसांत मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याचा) 2012 चा नवा कायदा 2016 मध्ये लागू झाला, पण गाभा तोच. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, अगदी वडिलोपार्जितसुद्धा. म्हणजे घर चार भावंडांचं असेल तर विक्रीखतावर चौघांच्याच नव्हे, त्यांच्या नवऱ्याबायकांच्याही सह्या लागतात. सुना आल्या, जावई आले. मुलींचा हिस्सा मुलांइतकाच. इन्व्हेंटरी पूर्ण झाली आहे का, हा पहिला प्रश्न. सिटी सर्व्हेच्या फॉर्म डीवर, म्हणजे शहरातल्या मालमत्तेच्या उताऱ्यावर, कोणाची नावं आहेत, हा दुसरा. मग जुन्या नोंदणीतले डिस्क्रिपसांव (मालमत्तेचं वर्णन), इन्स्क्रिपसांव (मालकीची नोंद) आणि मात्रीझ (कराची नोंद). यातले बरेच जुने कागद पोर्तुगीजमध्ये, हाताने लिहिलेले. आणि 1961 मध्ये पोर्तुगीज राजवट संपल्यावर या वस्तीतली कितीतरी कुटुंबं लिस्बनला गेली, पुढच्या पिढ्या लंडन-टोरोंटोला. तिकडच्या एखाद्या भाच्याची सही राहिली तर तुमचं "राहायला तयार" घर कोर्टात राहायला जातं. आत जुना भाडेकरू असेल तर तो आणखी एक अध्याय.

या गोष्टी जाहिरातीत नसतात हे मी समजू शकतो. जाहिरातीत जे असतं त्याचाच मला राग येतो. "होमस्टेसाठी उत्तम. उत्पन्नाची हमी." म्हणजे विकणाऱ्यानेच धरून चाललंय की घेणारा इथे राहणार नाही. हा भाग कॉन्झर्वेशन झोन आहे, दर्शनी भागाला हात लावायचा तर परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे दर्शनी भाग वाचले. त्यांच्या मागची माणसं वाचवायला कोणताही झोन नाही. आज गल्लीत सकाळी पाववाल्याचा भोंपू वाजतो तेव्हा दारं कमी उघडतात आणि प्री-वेडिंगवाल्यांचे रिफ्लेक्टर जास्त. उरलेल्यांनी दारावर "फोटो काढू नका" अशा पाट्या लावल्यात. लोक त्या पाट्यांसकट फोटो काढतात.

कोणी म्हणेल, बाहेरच्यांनी पैसे ओतले म्हणून तर घरं उभी आहेत. अर्धं खरं आहे. छप्पर कोसळलेली, वारसांच्या भांडणात कुजलेली घरं मीही पाहिली आहेत. चुन्याने, धीराने, स्थानिक मेस्तांना हाताशी धरून घर उभं केलेले बाहेरचे लोकही पाहिलेत, आणि ते आता माळ्यावरच्या मारुतीच्या जत्रेत आमच्यासोबत खाजं (जत्रेतली गोड मिठाई) विकत घेतात. बाहेरचा की गोंयकार हा मुद्दाच नाही. पावसाळ्यात घरात दिवा लागणार आहे की नाही, तेवढंच मी विचारतोय. बंद घराला बुरशी लवकर लागते, हे कुठल्याही मेस्ताला विचारा.

तर ज्यांना खरोखर घ्यायचंय त्यांनी मला मेसेज करा. चुन्याचं काम जाणणारा मेस्त आणि पोर्तुगीज कागद वाचणारा वकील, दोघांचे नंबर देतो. दलालाचा नंबर मागू नका, तो जाहिरातीत आहे.